'क्रॉस' : एका इंग्रजी शब्दाचे बंगळुरूतील अर्थ

अनेकार्थी इंग्रजी शब्दांची चर्चा निघाली की 'सेट' आणि 'रन' यांचा उल्लेख प्रथम होतो. 'क्रॉस'कडे फारसे लक्ष जात नाही. तथापि आदान केलेल्या शब्दाची अनेकार्थता कशी घडते हे पाहावयाचे असल्यास हाच शब्द अधिक बोलका आहे. मूळ लॅटिन 'क्रुक्स'. तो आयरिश आणि नॉर्स या भाषांच्या वाटेने इंग्रजीत आला. त्याच मुळाचा पोर्तुगीज अवतार कोकणीत 'खुरीस' झाला. इंग्रजीत क्रूस, फुली, ओलांडणे, संकर, रागावलेला असे त्याचे अर्थ पसरले. मराठीने त्यांतील निवडकच घेतले. रागावलेल्या माणसाला मराठीत कोणी 'क्रॉस' म्हणत नाही. 'क्रॉसची गाय' मात्र खेड्यापाड्यांत सर्वांना कळते. 'चेक क्रॉस करणे' हा प्रयोग तर विशेष आहे : १८८१ च्या कायद्याप्रमाणे धनादेशावर दोन समांतर तिरप्या रेघा पुरतात, आणि समांतर रेघा एकमेकींना कधीच छेदत नाहीत.

बंगळुरूत या शब्दाला दोन स्थलवाचक अर्थ आहेत आणि ते परस्परांपासून पुष्कळ दूर आहेत.

पहिला अर्थ वसाहतींमधला. १८९८ च्या प्लेगनंतर झपाट्याने वाढलेल्या मल्लेश्वरम्‌सारख्या उपनगरांत लांब रस्ते 'मेन' आणि त्यांना काटकोनात छेदणारे रस्ते 'क्रॉस' म्हणून क्रमांकाने ओळखले जातात. (ज्या काडु मल्लेश्वर मंदिरावरून या भागाला नाव मिळाले, त्याच्याशी १६६९ मधील व्यंकोजीराजांच्या दानाचा शिलालेख निगडित आहे, मराठी अभ्यासकाला हा परिसर अगदीच परका नाही.) येथे 'आठवा क्रॉस' हा एक संपूर्ण रस्ता असतो, त्यावर घरे आणि दुकाने असतात. मुंबईतही प्लेगच्याच धक्क्याने १८९८ मध्ये सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले व पुढे दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली. परंतु तेथील हिंदू कॉलनीत क्रमांक लागले ते 'गल्ली'ला. कारण सारखे, आखणी सारखी, तरीही शब्द वेगळे. नगररचनेबरोबर तिची परिभाषा आपोआप येते, हे गृहीतक त्यामुळे डळमळते.

दुसरा अर्थ हमरस्त्यावरचा. तुमकूर रस्त्यावरील 'जालहळ्ळी क्रॉस' म्हणजे जालहळ्ळीकडे रस्ता वळतो ते ठिकाण. येथे 'क्रॉस' हा रस्ता नसून बिंदू आहे, आणि त्यामागचे नाव त्या ठिकाणाचे नसून गंतव्याचे आहे. मराठीत याला नेमका प्रतिशब्द आहे, 'फाटा'. नाशिकरोडच्या सिन्नर फाट्यावर उतरलेला प्रवासी सिन्नरला पोहोचलेला नसतो. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. 'फाटा' रस्ता फाटण्याची क्रिया सांगतो, कोकणातला 'तिठा' वाटा मोजून सांगतो. 'क्रॉस' हा शब्द रस्ते एकमेकांना छेदत नसून केवळ एक दुसऱ्याला येऊन मिळत असला तरी वापरला जातो. शब्दातली आकृती पुसली गेली आहे.

मराठी वाक्यात हे दोन अर्थ विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांवरून उकलतात. 'आठव्या क्रॉसमध्ये' घर असते. 'जालहळ्ळी क्रॉसवर' बस थांबते. एकाच नामाला दोन निरनिराळ्या सोबती लागाव्यात, हे ते नाम दोन झाल्याचे लक्षण मानावे.

कन्नडमधून मराठीत अनुवाद करणाऱ्याची अडचण येथे सुरू होते. इंग्रजी कोश त्याला मदत करीत नाही, कारण हे अर्थ घडले कन्नड भूमीवर. 'चौक' लिहिले तर पहिला अर्थ हरवतो, 'गल्ली' लिहिले तर प्रशस्त रस्ता अरुंद होतो. सर्वांत मोठा सापळा कन्नड पाट्यांवरच आहे. त्यांवर 'क्रॉस'साठी 'अड्डरस्ते' लिहिलेले असते. ध्वनिसाम्याला भुलून कोणी 'आडरस्ता' असा अनुवाद केला, तर शहरातला गजबजलेला बाजाररस्ता मराठी वाचकासाठी निर्जन वाट होऊन बसतो. माझ्या मते पहिल्या अर्थी 'क्रॉस' तसाच ठेवावा आणि दुसऱ्या अर्थी निःशंकपणे 'फाटा' लिहावा. एकच शब्द सर्वत्र एकाच रीतीने भाषांतरित करण्याचा आग्रह येथे अनाठायी आहे.

अर्थात 'फाटा' हीदेखील साऱ्या मराठीची निवड नव्हे. बेळगावचा मराठी माणूस 'आरपीडी क्रॉस' असेच म्हणतो, आणि ते त्याचे मराठीच आहे. त्या शहरातली एखादी मराठी कथा पुण्यात छापताना संपादकाने 'क्रॉस' खोडून 'चौक' केला, तर तो इंग्रजी शब्द काढत नसतो. सीमाभागातील मराठीचा एक शब्द काढत असतो.