कढईतून टाकीत

31 जानेवारी 2020. लेहच्या कुशोक बकुला रिंपोछे विमानतळावरून हवाई दलाच्या एएन-32 विमानानं उड्डाण केलं. उंची 10,682 फूट, हवा पातळ, थंडी ऐन जानेवारीतली, आणि दोन्ही इंजिनांना मिळणाऱ्या इंधनात दहा टक्के वाटा झाडांच्या अखाद्य बियांपासून बनवलेल्या जैवइंधनाचा. दोन्ही इंजिनं अशा इंधनावर चालवण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधीच्या चाचणी-फेऱ्या झाल्या होत्या चंदीगडच्या हवाई तळावर. इंधन तयार केलं देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं.

एएन-32 हे 1984 पासून सेवेत असलेलं, मालवाहू, दणकट विमान. थोडक्यात, हवाई दलाचा पिकअपच. मग त्याच चंदीगडच्या मनीमाजरा मोटार मार्केटात उभ्या असलेल्या जुन्या डिझेल पिकअपला वनस्पती तेल का चालू नये?

चालतं. विमानाइतकी प्रक्रियाही लागत नाही. पण त्यासाठी काही गोष्टी माहीत हव्यात, आणि त्या सगळ्याच भारी मजेशीर आहेत.

तारीख खरी, तेल चुकीचं

दरवर्षी 10 ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन असतो आणि त्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं: 1893 मध्ये याच तारखेला रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं. तसं झालं नव्हतं. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्या दिवशी इंजिनात पेट्रोल होतं. ते पेटलं आणि दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. शेंगदाणा तेलाची पाळी आली सात वर्षांनी, 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात. तेही डिझेलच्या हातून नाही. फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून ओटो कंपनीनं ते छोटं इंजिन चालवून दाखवलं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक पिकायचा, तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालावीत असा फ्रेंचांचा हिशेब होता. तेल बदललंय हे फारच थोड्या लोकांच्या ध्यानात आलं, असं डिझेलनं 1912 च्या भाषणात सांगितलं.

तेलावरची प्रक्रिया पुढची. 1937 मध्ये बेल्जियमच्या शव्हान यांनी वनस्पती तेलाचं अल्कोहोलशी मीलन घडवून ते पातळ करण्याचं पेटंट घेतलं. त्यालाच आज आपण बायोडिझेल म्हणतो. 1938 मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हाँ अशी बस पाम तेलाच्या त्या इंधनावर धावली. आणि 1942 मध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, चार भारतीय संशोधकांनी आपल्याकडची वनस्पती तेलं डिझेल इंजिनात कशी चालतात यावर निबंध छापला. त्यांतले एक लालचंद वर्मन पुढे भारतीय मानक संस्थेचे प्रमुख झाले. म्हणजे या विषयात आपण उशिरा आलेले पाहुणे मुळीच नाही.

पीटर आणि लिस्टर

पंजाबच्या रस्त्यांवर एक गाडी दिसते, तिचं नाव ‘पीटर रेहडा’. विहिरीवरच्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी चौकटीवर बसवायचं, चार चाकं लावायची, वर भुसा नाहीतर वऱ्हाड. हे पीटर म्हणजे कुणी साहेब नव्हे, इंग्लंडच्या येओव्हिलमधली ‘पेटर’ इंजिन कंपनी. या गाडीचीच एक बहीण ‘मारुता’ नावानं ओळखली जाते, कारण मारुती घेणं सगळ्यांच्या ऐपतीतलं नव्हतं.

आपल्याकडे त्या पीटरचा भाऊ लिस्टर. गावातल्या पिठाच्या गिरणीचा तो ‘पुक्-पुक्-पुक्’ आवाज, धुराड्यावर टपटप उडणारी पत्र्याची टोपी. दुपारच्या शांततेत अर्ध्या कोसावरून कळायचं की गिरणी चालू झाली. ते इंजिन मिनिटाला साधारण 650 फेरे घेतं. इंग्लंडमधल्या कारखान्यानं ते 1987 मध्ये बंद केलं, पण राजकोटचे कारागीर बनवतच राहिले. मग अमेरिकेतले तेलवेडे लोक राजकोटहून ही इंजिनं मागवू लागले, कशासाठी, तर हॉटेलातलं तळणीचं तेल जाळून घरची वीज करायला! संथ फेरे, जड चाक, ढोबळ जोडणी. असं इंजिन जाडसर इंधन निमूटपणे पचवतं.

आणखी एक गोष्ट आपल्या शेजारच्या राज्यातली. उत्तर कन्नडमधल्या दांडेली इथल्या एका फेरोॲलॉय कारखान्यानं 2001 च्या सुमारास डिझेल जनरेटर करंजाच्या तेलावर चालवायला घेतले. मागे उभे होते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उडिपी श्रीनिवास. करंज म्हणजे आपल्या ओढ्याकाठी उभा असलेला, आजीनं खरजेवर लावायला सांगितलेल्या तेलाचा तोच करंज.

इगतपुरीचं पोट, चंदीगडची थंडी

जुनी गाडी या कामाला नुसती चालते असं नाही, जुनीच लागते. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधन दीड-दोन हजार बार दाबानं, केसासारख्या बारीक भोकांतून फवारलं जातं. तिथं जाड तेल म्हणजे हजारोंचा चुराडा. जुन्या यांत्रिक नोझलला सव्वाशे-दीडशे बार पुरतात.

यातला आपल्या अभिमानाचा भाग पाहा. महिंद्रानं 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि प्यूजो घराण्याची इंजिनं इगतपुरीत बनू लागली. कसारा घाट चढून वर आलं की लागतं ते इगतपुरी. तिथून निघालेली ही इंजिनं पंजाब-हिमाचलच्या जीपगाड्यांत आणि मालगाड्यांत वर्षानुवर्षं राबली. त्यांची खुबी अशी की तेल थेट पिस्टनवर न पडता बाजूच्या छोट्या कोठडीत फवारलं जातं. तिथं हवा भोवऱ्यासारखी फिरत असते, त्यामुळे जाड थेंबालाही जळायला उसंत मिळते. तेलावर गाडी चालवणारे जगभर असंच इंजिन शोधत असतात.

आता खरी मेख. 40 अंश सेल्सिअसला डिझेलची घट्टता 2 ते 4.5 एकक, वनस्पती तेलाची 30 ते 40. जवळपास दसपट! तेलावर प्रक्रिया करायची नसेल तर उपाय एकच, ते तापवायचं. म्हणून गाडीला दोन टाक्या. छोटीत डिझेल, मोठीत तेल. सुरुवात डिझेलवर करायची. रेडिएटरचं पाणी तापलं की तेच गरम पाणी नळीनं तेलाच्या टाकीतून, फिल्टरभोवतीनं फिरवायचं. तेल 70-80 अंशांवर आलं की वळवायची कळ. वेगळा हीटर नको, इंजिन स्वतःच्या उष्णतेनं स्वतःचं जेवण गरम करतं. मला या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आणि थंडी? चंदीगडचं जानेवारीतलं किमान तापमान पाच-सहा अंशांवर येतं, कधी त्याहून खाली. मी गेल्या हिवाळ्यात दोन काचेच्या बरण्या रात्रभर गच्चीवर ठेवल्या. एकीत सरसोंचं तेल, दुसरीत भटुरे तळलेलं पाम तेल. सकाळी धुकं इतकं की समोरची इमारत दिसेना. सरसोंची बरणी कलती केली तर तेल मधासारखं वाहिलं. पामची बरणी उलटी धरली, तरी पांढरट गोळा जागचा हलला नाही. बोट दाबलं तर तुपासारखा खळगा पडला. टाकीत हे झालं तर गाडी हलणार कशी? पंजाबात सरसों पिकते हे इथल्या जुन्या पिकअपचं नशीब म्हणायचं, पण हॉटेलांच्या कढयांत मात्र बहुतेक पाम असतं.

थंडीवरून आठवलं. लडाखच्या हिवाळ्यासाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये जे खास डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत गोठत नाही. ते पानिपतच्या रिफायनरीत बनतं, चंदीगडहून दिल्लीला जाताना वाटेत लागणाऱ्या पानिपतात. त्यातही सुमारे पाच टक्के बायोडिझेल आहे.

तव्यावरची परीक्षा

तळणीच्या तेलाचे दोन शत्रू: पाणी आणि गाळ. गाळ दिसतो. पाणी दिसत नाही, आणि तेच पंप खाऊन टाकतं. ते ओळखायची रीत आपल्या स्वयंपाकघरातली आहे. तवा चांगला तापवा, चमचाभर तेल टाका. चुपचाप पसरलं तर कोरडं. तडतडलं, बुडबुडे आले, तर पाणी आहे. मग तेल 60 अंशांपर्यंत तापवून दोन-चार दिवस निवळत ठेवायचं, वरचं घ्यायचं, तळाचं टाकायचं. आधी कापडातून, मग पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. बाकी सगळं यंत्रकाम दोन दिवसांचं, हे गाळणं मात्र रोजचं. ज्याला हा कंटाळा आहे त्यानं या वाटेला जाऊ नये, असं मी अगदी कळकळीनं सांगतो.

तांब्याची नळी लावायचा मोह होतो, कारण ती वळवायला सोपी. पण तांब्याच्या संगतीनं तेल लवकर खवट होतं, चिकट होतं. ॲल्युमिनियम बरं. जुन्या रबरी नळ्या तेलानं फुगतात, त्या बदलायच्या. आणि तेलावर जायच्या आधी गाडी डिझेलवर ठणठणीत हवी. रिंगा झिजल्या असतील तर न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं आणि ते ऑइल हळूहळू डिंकासारखं घट्ट होतं. नोझल तपासून घ्या, कम्प्रेशन बघा, टाकीचा गंज काढा. बायोडिझेल भरलंत तर पहिल्या दिवसांत फिल्टर वारंवार तुंबतो, कारण ते वर्षानुवर्षांचा साचलेला मळ सोडवतं. घाबरायचं नाही, फिल्टर बदलायचा.

तेल कुठलं घ्यायचं?

वापरलेलंच. नवं खाद्यतेल डिझेलपेक्षा महाग आहे आणि देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा वाटा परदेशातून येतो. ते जाळणं मला पटत नाही. उलट वापरलेलं तेल पुन्हापुन्हा तळणीत जाणं हे पोटाचं दुखणं आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम सांगतो की तेलातले ध्रुवीय घटक 25 टक्क्यांपलीकडे गेले की ते तेल खाण्यात वापरायचं नाही. हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची, हे मार्च 2019 पासून. त्याच वर्षी तेल कंपन्यांनी तळणीच्या तेलापासून बनलेलं बायोडिझेल लिटरला 51 रुपयांनी घ्यायची तयारी दाखवली. पानिपतच्या रिफायनरीला तर ऑगस्ट 2025 मध्ये अशा तेलापासून विमानाचं इंधन बनवण्याचं प्रमाणपत्र मिळालं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं जैवइंधन मिसळून पुणे-दिल्ली प्रवासी विमान मे 2023 मध्येच उडालं होतं.

चंदीगडला टाकाऊचं मोल शिकवावं लागत नाही. रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी 1957 पासून फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि ट्यूबलाइट गोळा करून गुपचूप रॉक गार्डन उभारलं. ते 1976 मध्ये सर्वांना खुलं झालं.

एक सूचना मात्र ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी केलेल्या गाडीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. म्हणून पहिला प्रयोग शेतातल्या पंपावर किंवा जनरेटरवर करावा, आणि पिकअपला हात लावण्याआधी आरटीओची पायरी चढावी.

घरी पोचायच्या आधी

तेलावर चाललेल्या गाडीच्या धुराला भज्यांचा वास येतो, हे खरं आहे. मागच्या स्कूटरवाल्याला भूक लागते. तेलाचा ज्वलनांक 200 अंशांच्या बराच वर असल्यानं सांडलं तरी डिझेलसारखा भडका होत नाही. एका लिटरमागे शक्ती डिझेलपेक्षा थोडी कमी, फरक चढावर जाणवतो.

पण सर्वांत मोठी सवय संध्याकाळची. घर तीन-चार किलोमीटरवर आलं की कळ पुन्हा डिझेलकडे वळवायची, म्हणजे गाडी थांबेपर्यंत पंप आणि नोझलमधलं तेल जळून जातं आणि तिथं डिझेल येतं. विसरलं की जानेवारीतल्या सकाळी स्टार्टर घरघरतो, इंजिन धरत नाही. मग बॉनेट उघडायचं, कपडा कढत पाण्यात भिजवून पंपाला आणि नोझलच्या नळ्यांना गुंडाळायचा, एअर काढायची, हातपंप मारत राहायचं, आणि धुक्यातून ऊन वर येईपर्यंत वाट बघायची.