लघवी होते म्हणजे किडनी चालू?

'लघवी तर साफ होते, मग किडनीला काय झालं?' हा प्रश्न खारदांड्यात काय आणि मुलुंडमध्ये काय, सारख्याच खात्रीने विचारला जातो. किडनी म्हणजे नळ, पाणी येतंय तोवर काळजी नाही, ही त्यामागची समजूत. पण किडनीचं खरं काम निवडीचं आहे. रक्तातलं काय राखायचं आणि काय टाकायचं, हे ती ठरवते. ही निवड बिघडली तरी लघवी बरेच दिवस पूर्वीइतकीच होते. उलट ती दाट करण्याची ताकद गेल्यामुळे रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि माणसाला वाटतं, किडनी जोरात चाललीय. पायांवरची सूज, अन्नावरची वासना उडणं, आडवं पडल्यावर लागणारी धाप ही बहुधा उशिराची लक्षणं. म्हणून निदान होतं ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेल्या ईजीएफआरवर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाच्या अंदाजावर, आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर आजार जुनाट, १५ च्या खाली गेला तर किडनी निकामी. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नये. ते स्नायूंतून येतं, म्हणून किरकोळ अंगाच्या म्हातारीचं १.२ हे धष्टपुष्ट तरुणाच्या १.२ पेक्षा जास्त चिंतेचं. त्रास नसताना तपासायचं कशाला, असं कुणी म्हणेल. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर त्रास नसतानाच तपासायचं, वर्षातून एकदा तरी. औषधांनी आजाराचा वेग कमी करता येतो तो याच काळात.

नळाच्या समजुतीतूनच 'भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघेल' हा सल्ला येतो. मुतखड्याला तो लागू आहे. पण लघवी कमी झालेल्या रुग्णाच्या अंगात तेच पाणी साठतं आणि फुप्फुसांत उतरतं. मिठाचंही तसंच. कोळीवाड्यात खारवलेली मासळी हा पिढ्यांचा आहार, तो एका दिवसात सोडा म्हणणं सोपं नाही. मात्र सैंधव वापरलं की पथ्य पाळलं, हे खरं नाही, कारण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं, आणि ते अधिक घातक. निकामी किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. ते साठलं की फारशी पूर्वसूचना न देता हृदय थांबू शकतं. अशक्तपणा वाटतो म्हणून पाजलेलं शहाळ्याचं पाणी अशा रुग्णाला म्हणूनच बाधतं. तो अशक्तपणाही पुष्कळदा रक्त कमी झाल्याचा असतो. रक्तपेशी तयार करण्याचा इशारा देणारं संप्रेरक किडनीतच बनतं.

सर्वांत मोठी भीती डायलिसिसची: एकदा लागलं की सुटत नाही. याचं उत्तर सांताक्रूझ-खारच्या परिसराला जवळचं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत शहरात लेप्टोस्पायरोसिस पसरला. या तापात किडनी अचानक बंद पडू शकते, पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वेळा ती पुन्हा सुरू होते आणि डायलिसिस थांबतं. जुनाट आजारात मात्र ते सहसा थांबत नाही, कारण तिथे किडनी गेलेलीच असते. तिला डायलिसिसने घालवलेलं नसतं. अशा आयुष्यात काय राम, या आक्षेपाला जयप्रकाश नारायण यांचं उदाहरण पुरेसं आहे. १९७५ मध्ये स्थानबद्धतेत त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिस सुरू झालं. त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ ची निवडणूक लढणाऱ्या विरोधकांना एकत्र आणलं. ऑक्टोबर १९७९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, ते जगले. तेही तेव्हाच्या तंत्रावर.

भीतीपोटी डायलिसिस लांबवणारे तयारीही लांबवतात. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडण्याची शस्त्रक्रिया, केल्यावर ती शीर वापरायोग्य व्हायला दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. वेळेत केला नाही तर मानेतल्या नळीवर काम भागवावं लागतं आणि तिच्यातून जंतुसंसर्ग रक्तात जायचा धोका मोठा. म्हणून ईजीएफआर घसरत असेल, तर कोणत्या हातात फिस्टुला करायचा हे डॉक्टरांना आधीच विचारावं आणि त्या हातातून रक्त काढू देऊ नये, सलाईनही लावू देऊ नये.