सरकारी नकाशे : मालकी, गुप्तता आणि शेतकऱ्याचा हक्क

शेतीच्या कामात नकाशाची गरज वारंवार पडते. बांधाचा तंटा मिटविणे, अडविलेला गाडीरस्ता मोकळा करून घेणे, नाल्यावर बंधारा कोठे घालावा हे ठरविणे, ही कामे नकाशावाचून केवळ अंदाजाने करावी लागतात. आणि अंदाज चुकला म्हणजे पैसा व श्रम दोन्ही वाया जातात. तरीही “नकाशा सरकारचा, तो गुप्त असतो, तो आपल्याला मिळावयाचा नाही,” अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. नकाशा कोणाच्या मालकीचा, तो गुप्त आहे काय आणि तो पाहण्याचा हक्क कोणास, हे तीन प्रश्न निरनिराळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळेच ही समजूत पसरली आहे.

नकाशांचे दोन प्रकार

गाव नकाशा व गट नकाशा हे भूमि अभिलेख खात्याचे नकाशे होत. जुन्या मुंबई इलाख्यात ते शंकू-साखळीच्या मोजणीवरून तयार झाले. ही साखळी ३३ फुटी असे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजेच आपला एक गुंठा. शिव, गटांच्या हद्दी, ओढे आणि तुटक रेषांनी दाखविलेले गाडीरस्ते व पाऊलवाटा या नकाशांत असतात.

दुसरा प्रकार भूस्थलदर्शक नकाशांचा. हे नकाशे १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. समोच्च रेषांवरून पाणी कोणत्या अंगाने वाहते ते त्यात समजते. पाणलोट क्षेत्राची आखणी करताना तो उपयोगी पडतो. मात्र मालकीच्या हद्दी त्यात नसतात.

मालकी

१९५७ च्या कायद्याप्रमाणे नकाशावरही स्वामित्वाधिकार असतो. सरकारने तयार केलेल्या नकाशाचा हा अधिकार सरकारकडे राहतो व प्रसिद्धीच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० साली प्रसिद्ध झालेल्या नकाशावरील अधिकार २०२० च्या अखेरीस संपला. या अधिकारामुळे परवानगीवाचून नकाशा छापून विकण्यास मनाई होते. तो पाहण्यास किंवा स्वतःच्या अभ्यासासाठी वापरण्यास होत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ९ याबाबत स्पष्ट आहे. स्वामित्वाधिकाराच्या सबबीवर माहिती नाकारावयाची, तर तो अधिकार सरकारखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी असावा लागतो. “नकाशा सरकारी मालकीचा आहे,” हे नकार देण्यास कारण होऊ शकत नाही.

गुप्तता

गुप्ततेचा प्रश्न वेगळा आहे. देशाच्या सरहद्दीलगत व किनाऱ्यालगत सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्याचे भूस्थलदर्शक नकाशे पूर्वी खुल्या विक्रीस नसत. कोकणचा बहुतेक भाग या पट्ट्यात येत असल्याने तेथील नकाशे मिळणे अवघड होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व जनतेसाठी एक अशा दोन मालिका केल्या. २०१७ साली खुल्या मालिकेचे नकाशे इंटरनेटवरून विनामूल्य मिळू लागले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी आगाऊ परवानगी घेण्याची अट काढून टाकली.

याचा अर्थ गुप्तता संपली असा मात्र नव्हे. लष्करी ठिकाणांसारखी संवेदनशील माहिती आजही संरक्षित आहे व १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अमलात आहे. परंतु गावातील गटाची हद्द किंवा गाडीरस्ता ही काही अशी माहिती नव्हे.

हक्क कसा बजावावा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ३२७ प्रमाणे जमिनीचे नकाशे व अभिलेख, नियम व शुल्क यांस अधीन राहून, वाजवी वेळी कोणासही पाहता येतात आणि त्यांचे प्रमाणित उतारे मिळतात. तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज करताना गाव, तालुका, गट क्रमांक व हवा असलेला नकाशा यांचा स्पष्ट उल्लेख करावा. काम न झाल्यास माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळाले पाहिजे. तोंडी नकार स्वीकारू नये. कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लेखी मागावे व त्यावर अपील करावे.

‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर गटाची आकृती पाहता येते. तिचा उपयोग प्राथमिक माहितीपुरताच करावा. वादाच्या प्रसंगी प्रमाणित प्रतच लागते. तसेच केवळ नकाशावरील रेषा पाहून बांध हलवू नये. हद्दीबद्दल शंका असल्यास रीतसर मोजणी करून घ्यावी.

ग्राम कार्यकर्त्यांनी गाव नकाशाची एक प्रमाणित प्रत ग्रामपंचायतीत सर्वांना दिसेल अशी लावावी व ग्रामसभेत तिच्यावरील शिवरस्ते व ओढे समजावून सांगावेत. आपल्या शेताची वाट नकाशात कोठे आहे हे शेतकऱ्याला ठाऊक असले, म्हणजे ती अडविणाऱ्याला उत्तर देणे सोपे जाते.