भार वाहणाऱ्यांचा संग्रह

युद्धाच्या इतिहासात तलवारीला मान मिळाला, तोफेला मिळाला, घोड्यालाही मिळाला. पाठीवर गोणी घेऊन मागून चालणाऱ्या बैलाला मात्र कोणी विचारले नाही. वास्तविक फौज पोटावर चालते, आणि पोटाला लागणारे धान्य कोणीतरी वाहून आणावेच लागते. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना धान्य पुरविणारे लमाणांचे तांडे हे त्या काळचे वाहतूकदळच होते. १७६१ साली पानिपतावर काय घडले, याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. परंतु रणांगणावर तलवारी भिडण्यापूर्वीच आपल्या सैन्याची रसदेची वाट तुटली होती आणि छावणीत उपासमार चालू होती, ही गोष्ट त्या चर्चेत बहुधा शेवटी येते. लमाणांच्या बैलांची जागा पुढे लष्करी मालमोटारीने घेतली. उपेक्षा मात्र तीच राहिली.

आमचा आजचा विषय या मालमोटारींच्या धातूच्या लहान प्रतिकृतींचा, म्हणजे ज्यांना बाजारात 'डायकास्ट मॉडेल' म्हणतात, त्यांच्या संग्रहाचा आहे. धसईसारख्या गावी हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्यावर आमचे सांगणे असे की, भारी ओझे आणि चढाची वाट यांचा अनुभव मुरबाड-शहापूरच्या माणसाला शिकवावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. तिच्याच जागी निर्वासितांची वसाहत होऊन १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. देवळालीच्या तोफखान्याकडे जाणारा रस्ता शहापूर-कसाऱ्यावरूनच घाट चढतो. तेव्हा हिरव्या मालमोटारींचा तांडा या मुलखाला परका नाही.

प्रथम ही वस्तू तयार कशी होते ते पाहू. आपल्याकडचा ओतारी वाळूचा किंवा मातीचा साचा करतो, त्यात पितळ ओततो आणि वस्तू निघाली की साचा मोडतो. डायकास्टमध्ये साचा पोलादाचा असतो. तो दोन किंवा अधिक भागांचा असून त्यात वितळलेला धातू मोठ्या दाबाने दडपतात. क्षणात धातू घट्ट होतो, साचा उघडतो, गाडी बाहेर पडते आणि साचा पुन्हा मिटतो. एका साच्यातून अशा हजारो गाड्या निघतात. पोलादाचा साचा टिकावा म्हणून धातू कमी उष्णतेवर वितळणारा हवा. म्हणून जस्ताचा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडे तांबे व मॅग्नेशियम असते. पितळाला नऊशे अंशांच्या वर तापवावे लागते. हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच पातळ होतो. म्हणूनच चाकावरील नटबोल्टसुद्धा उठून दिसावेत इतका बारीक तपशील त्यात उतरतो.

परंतु या धातूला एक रोग आहे. जस्तात शिशाचा अल्पसा अंश जरी मिसळला, तरी वर्षानुवर्षे तो धातूच्या कणाकणांमधील सांधे आतून पोखरीत राहतो. गाडी फुगते, तडकते आणि एके दिवशी हातात भुगा उरतो. १९३० च्या दशकातील कित्येक नामांकित प्रतिकृती अशाच नष्ट झाल्या. या रोगावर औषध नाही. ओतताना जस्त शुद्ध ठेवणे हाच काय तो उपाय. म्हणून जुनी गाडी घेताना रंगापेक्षा अंगावरच्या केसासारख्या भेगा आधी पाहाव्यात. दमट हवेत हा रोग अधिक बळावतो, हे आपल्या पावसाच्या मुलखात विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. प्रतिकृतीवर १:५० असे लिहिलेले असते. म्हणजे खऱ्या गाडीच्या पन्नास सेंटिमीटरांना येथे एक सेंटिमीटर. नऊ मीटर लांबीची मालमोटार या प्रमाणात अठरा सेंटिमीटर होते, १:७२ मध्ये साडेबारा, तर १:८७ मध्ये साडेदहाहूनही थोडी कमी. हे झाले लांबीचे. वजनाचा हिशेब मात्र वेगळा. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही पन्नासपट घटतात. म्हणून वजन पन्नासपट नव्हे, तर सव्वा लाखपट घटावयास हवे. पन्नास टनांचा रणगाडा त्याच द्रव्याचा आणि तितकाच भरीव केला, तर १:५० प्रमाणात तो भरेल चारशे ग्रॅम. मुलाला घनफळ शिकवावयाचे असेल, तर फळ्यावरच्या आकड्यांपेक्षा हे उदाहरण त्याला लवकर पटेल असे आम्हांला वाटते.

सगळ्या उत्पादकांनी हे प्रमाण पाळले असे मात्र नाही. इंग्लंडमधील लेस्नी कंपनीने १९५३ पासून 'मॅचबॉक्स' गाड्या काढल्या. त्या आगपेटीएवढ्या खोक्यात मावावयाच्या होत्या. त्यामुळे जीप आणि रणगाडा जवळजवळ एकाच लांबीचे झाले. मुलांच्या खेळण्यास त्याने बाध येत नाही. परंतु दोन गाड्या शेजारी ठेवून कोणती मोठी हे ठरवू लागलो, तर फसगत होते. म्हणून संग्राहकाने आरंभीच एक प्रमाण निवडावे आणि शक्यतो त्यालाच चिकटून राहावे. अवजड मालमोटारींसाठी १:५० सोयीचे. तपशील दिसतो आणि फळीवर जागाही पुरते. फ्रान्सच्या सोलिडो कंपनीची लष्करी मालिका, जी १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाली, ती याच प्रमाणाची आहे.

या छंदातील एक प्रसिद्ध गाडी उदाहरणादाखल घेऊ. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीची 'मायटी अँटार' ही मुळात तेलक्षेत्रातील लोखंडी नळ वाहण्यासाठी बांधलेली मालमोटार. पुढे ब्रिटिश सैन्याने ती सेंच्युरियन रणगाडा वाहण्यास घेतली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९५४ साली आपल्या 'डिंकी' मालिकेत सेंच्युरियन काढला, क्रमांक ६५१. आणि १९५६ साली तो वाहणारी अँटार, क्रमांक ६६०. रणगाडा स्वतः चालू शकतो, मग त्याला गाडीत का घालावे? कारण असे की, रणगाड्याचे लोखंडी पट्टे लांबच्या प्रवासात झिजतात, यंत्र थकते, इंधन बेसुमार जाते आणि रस्ताही उखडतो. जो लढावयाचा, तो लढाईच्या जागी ताजातवाना पोहोचला पाहिजे. पैलवानाला कुस्तीच्या गावी कोणी पळत नेत नाही. हाच सेंच्युरियन भारतीय सैन्यातही होता आणि सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत त्याने पॅटन रणगाड्यांचा मोड केला. रणगाड्याची प्रतिकृती हाती आली म्हणजे ही लढाई आठवते. वाहकाची हाती आली म्हणजे, तो रणगाडा तेथवर पोहोचला कसा, हा प्रश्न सुचतो. दुसरा प्रश्न अधिक शहाणा आहे.

आता ही प्रतिकृती जवळून पाहू. ओढणारा पुढचा भाग निराळा आणि मागची जोडगाडी निराळी. आपले चालक पुढच्या भागाला 'घोडा' आणि मागच्याला 'ट्रेलर' म्हणतात. ट्रेलरला पुढे चाके नसतात; त्याचे तोंड घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते. असे का? बैलगाडीत पेंढ्याचे ओझे मागे गेले, तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आले, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जाणता गडी थोडे ओझे जुवावर ठेवतो, सगळे नाही. येथेही तेच तत्त्व. ओझ्याचा काही हिस्सा घोड्याच्या मागच्या चाकांवर दाबला जातो, म्हणून ती चाके रस्ता धरतात. नाही तर घाटात ती जागीच गरगर फिरतील. महायुद्धातील अमेरिकन 'डायमंड टी' मालमोटारीत याचे दुसरे उत्तर सापडते. तिची जोडगाडी स्वतःच्याच चाकांवर उभी राहणारी, दांड्याने ओढली जाणारी होती. म्हणून ओढणाऱ्या गाडीच्या हौद्यात मुद्दाम वजन भरीत. दोन प्रतिकृती शेजारी ठेवा, म्हणजे हा फरक न सांगता कळतो.

महायुद्धाने वाहतुकीचे महत्त्व आकड्यांत दाखविले. १९४४ च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये दोस्तांच्या मालमोटारींची 'रेड बॉल' नावाची अखंड रांग चालू होती. भर असताना तिच्यात सुमारे सहा हजार गाड्या होत्या आणि दिवसाला साडेबारा हजार टनांपर्यंत माल पुढे जाई. चालकांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय अमेरिकन होते. सेनापतींची नावे जगाने पाठ केली, यांची नाहीत. आपल्याकडे १९४८ साली झोजी खिंडीत रणगाडे चढले, तेव्हा ते मनोरे उतरवून, झाकून, गुप्तपणे श्रीनगरपर्यंत आणावे लागले आणि वाटेतले पूल मजबूत करावे लागले. १ नोव्हेंबरचा विजय त्या पुलांवरून आला.

स्वतंत्र भारताने स्वतःची लष्करी मालमोटार १९५९ साली उभी केली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेली ती 'शक्तिमान'. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत, हिमालयाच्या घाटांत, पुरात आणि भूकंपात ती राबली. १९९० च्या दशकात तिचे उत्पादन थांबले. तिच्यानंतर अशोक लेलँडची 'स्टॅलियन' आली. त्याहून अवजड कामासाठी चेक बनावटीच्या रचनेची 'टाट्रा' बंगळूरच्या सरकारी कारखान्याने घेतली. टाट्राची चांगली प्रतिकृती उलटी करून पाहावी. मध्ये एक जाड नळी, तिच्या पोटात फिरणारा दांडा आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे वरखाली होणारे अर्धे आस, अशी तिची रचना आहे. एक चाक खड्ड्यात गेले, तरी दुसरे जमीन सोडीत नाही. याच गाडीवर पुण्यातील संशोधकांचे मोठे काम उभे आहे. दिघीच्या संस्थेचा 'सर्वत्र' हा पंचाहत्तर मीटरपर्यंतचे अंतर जोडणारा पूल टाट्रावरून जातो. बारा अग्निबाण सोडणारी 'पिनाक' ही पुण्यातच आकाराला आलेली यंत्रणाही टाट्रावरच बसविली आहे. लष्करी वाहनांची संशोधनसंस्था तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. तेथेच १९९४ साली स्थापन झालेले रणगाड्यांचे संग्रहालय सर्वांना पाहता येते. ज्याने हाताएवढा सेंच्युरियन जमविला आहे, त्याने एकदा तेथे जाऊन खऱ्याच्या शेजारी उभे राहावे. प्रमाण म्हणजे काय ते तेथे अंगाला कळते.

हा युद्धाचा लोभ नव्हे काय, असा आक्षेप आम्ही ऐकतो. आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. परंतु मालमोटार ही मारणारी वस्तू नव्हे, वाहणारी आहे. १९९३ च्या सप्टेंबरअखेर किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा लष्कराच्या गाड्याच जवान आणि मदत घेऊन आल्या. युद्ध किती महाग पडते, एका गोळ्यामागे किती इंधन, किती टायर, किती जागरणे लागतात, हे ज्याला समजले, तो युद्धाच्या गप्पा सैलपणे मारीत नाही.

संग्रह कसा ठेवावा, हे थोडक्यात सांगतो. काचेचे दार असलेले कपाट, उन्हापासून दूर. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. प्लॅस्टिकवर रबरी टायर टेकवून ठेवू नयेत. कालांतराने ते चिकटून प्लॅस्टिक खातात. जुना रंग उडाला असेल, तर नवा देऊ नये. खोके फेकू नये. आणि गाडीपेक्षाही महत्त्वाची आहे ती वही. प्रत्येक प्रतिकृतीपुढे उत्पादक, क्रमांक, प्रमाण, खऱ्या गाडीचे नाव, तिचा भार, ती कोणत्या सैन्यात होती आणि प्रतिकृतीत काय चुकले आहे, हे लिहावे. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा थोरपणा सोन्याच्या वस्तूंत नसून अडकित्ते आणि दिवे यांसारख्या घरोघरच्या वस्तू वेळीच उचलण्यात आहे. कोथरूडला १९९८ साली उघडलेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय तर लहान प्रतिकृतींतून केवढे ज्ञान देता येते याचा पुरावाच आहे. वही नसेल, तर संग्रह हा नुसता खेळण्यांचा ढीग होय.

एक उणीव मात्र वहीने भरत नाही. परदेशी उत्पादकांनी स्वाभाविकच आपापल्या सैन्यांच्या गाड्या प्रथम केल्या. त्यामुळे आपल्या मुलांच्या कपाटात लंडन-पॅरिसच्या मालमोटारी सहज येतात आणि शक्तिमानची जागा रिकामी राहते. ती भरावयाची, तर मापे हवीत, आणि मापांपेक्षाही माणसे हवीत. आज सेवेत असलेल्या गाड्यांची छायाचित्रे छावणीत किंवा रस्त्यात घेऊ नयेत. त्याची गरजही नाही. निवृत्त झालेली गाडी आणि निवृत्त झालेला चालक पुरे आहेत. १९७१ साली ज्यांच्या हाती शक्तिमानचे चाक होते, ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. चढाला कोणता गिअर लागे, थंडीत इंजिन कसे जागे करीत, रात्री दिवे न लावता पुढची गाडी कशी ओळखीत, हे कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. असा माणूस आपल्या गावी, पाड्यावर किंवा शेजारच्या घरी असेल, तर एखादी लहानशी मालमोटार घेऊन त्याच्याकडे जावे. ती हातात दिली, की तो आपण होऊन चूक दाखवू लागेल, आणि पुढे बोलत राहील. वही आणि पेन्सिल बरोबर असू द्यावी. आणि हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नये.