जॉन स्नोची आई कोण?

ज्याचें उत्तर मिळाल्यानें कोणाचें पोट भरत नाहीं, कोणाचें दुखणें बरें होत नाहीं, आणि ज्यावर परीक्षेंत एकहि गुण मिळत नाहीं, असा एक प्रश्न सुमारें वीस वर्षें देशोदेशींचे असंख्य वाचक एकमेकांस विचारीत होते. तो प्रश्न म्हणजे, जॉन स्नोची आई कोण? हा जॉन स्नो कोणी ऐतिहासिक पुरुष नव्हे. तो एका कल्पित कथेंतील तरुण आहे. तथापि त्याच्या जन्माचें गूढ उकलण्यासाठीं वाचकांनीं जी चिकाटी दाखविली, तिच्या चौथाईनें जरी ती भूमितीच्या सिद्धांतांवर कोणी दाखविली, तरी आमच्या गणिताच्या शिक्षकांस धन्यता वाटेल. हा वाद काय होता, तो कोणत्या पुराव्यांवर चालला, आणि त्यांतून आपणांस घेण्याजोगें कांहीं आहे काय, हें सांगण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

प्रथम ग्रंथाची ओळख करून घेऊं. मि. जॉर्ज आर. आर. मार्टिन ह्या अमेरिकन लेखकांचा जन्म १९४८ सालचा. त्यांच्या ‘ए साँग ऑफ आइस अँड फायर’ ह्या कादंबरीमालेचा पहिला भाग १९९६ सालीं व पांचवा २०११ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या कथेवरून डेव्हिड बेनिऑफ व डी. बी. वाइस ह्या दोघांनीं दूरचित्रवाणीसाठीं ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका रचली. ती एचबीओ वाहिनीवर १७ एप्रिल २०११ रोजीं सुरू झाली व आठ पर्वें आणि त्र्याहत्तर भाग होऊन १९ मे २०१९ रोजीं संपली. पालकांस येथेंच एक सूचना देणें अवश्य आहे. ही मालिका प्रौढांसाठीं केलेली असून तींतील पुष्कळ दृश्यें मुलांनीं पाहण्याजोगीं नाहींत. ती पाहण्याची शिफारस करावी हा आमचा हेतु नाहीं. घरांतील मोठीं मुलें ज्या गोष्टीवर तावातावानें बोलतात, ती गोष्ट आहे तरी काय, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे. मात्र तसें करतांना रहस्य फुटणारच. ज्यांस तें स्वतः उलगडावयाचें असेल त्यांनीं येथेंच थांबावें.

वेस्टेरॉस नांवाच्या एका कल्पित देशांत उत्तरेकडे विंटरफेल हा किल्ला आहे. त्याचा अधिपति एडर्ड स्टार्क हा सत्यनिष्ठेबद्दल सर्वत्र प्रसिद्ध आहे. अशा ह्या पुरुषाच्या जीवनांत एकच डाग आहे. एका मोठ्या युद्धाहून परत येतांना त्यानें एक तान्हें मूल बरोबर आणलें, तें आपलें अनौरस मूल आहे असें जगास सांगितलें, आणि त्याच्या आईचें नांव प्रत्यक्ष आपल्या पत्नीसहि कधीं सांगितलें नाहीं. तें मूल म्हणजे जॉन. त्या देशांत थोरांच्या अनौरस संततीस प्रांतावरून ठराविक आडनांव मिळतें. उत्तरेंत ‘स्नो’ म्हणजे हिम, दक्षिणेच्या डॉर्न प्रांतांत ‘सँड’ म्हणजे वाळू, नद्यांच्या मुलखांत ‘रिव्हर्स’. म्हणजे नांव उच्चारतांक्षणींच मुलाच्या जन्माचा कलंकहि उच्चारला जातो. एडर्डची पत्नी कॅटलिन ही आपल्या मुलांवर जीव ओवाळून टाकणारी. परंतु जॉनकडे पाहतांच तिचा चेहरा कठोर होई. राजा पाहुणा म्हणून आला, तेव्हां मेजवानींत इतर भावंडें मानाच्या जागीं बसलीं आणि जॉनला खालीं बसावें लागलें. पुढें तो उत्तर सीमेवरील बर्फाच्या प्रचंड भिंतीचें रक्षण करणाऱ्या पथकांत दाखल झाला; तेथें शपथ घेणाऱ्यास वतन, विवाह व वारसा ह्या तिन्ही गोष्टींचा त्याग करावा लागतो.

आतां वादाकडे वळूं. कथा सुरू होण्याच्या बऱ्याच वर्षांपूर्वीं एडर्डची बहीण लियाना हिचा वाङ्‌निश्चय रॉबर्ट बराथियन ह्या सरदाराशीं झाला होता. परंतु हॅरनहॉल येथील शस्त्रस्पर्धेंत युवराज रेगार टारगेरियन ह्यानें विजयी झाल्यावर आपल्या पत्नीस डावलून निळ्या गुलाबांचा मुकुट लियानाला अर्पण केला, आणि पुढें तीं दोघें नाहींशीं झालीं. जाब विचारावयास गेलेल्या तिच्या भावास व वडिलांस राजा एरिस ह्यानें क्रूरपणें मारलें. त्यांतून बंड पेटलें. रेगार रणांत रॉबर्टच्या हातून पडला, राजा आपल्याच अंगरक्षकाकडून मारला गेला, आणि रॉबर्ट गादीवर बसला. शेवटीं डॉर्नमधील एका एकाकी बुरुजांत एडर्डला आपली बहीण मरणशय्येवर सांपडली. तिनें त्याजकडून एक वचन घेतलें. तें वचन कोणतें, हें कादंबरी सांगत नाहीं; ती एवढेंच सांगते कीं तें पाळण्यासाठीं एडर्डला फार मोठी किंमत द्यावी लागली.

वाचकांनीं ह्या मौनावर बोट ठेवलें व पुरावे गोळा केले. पहिला पुरावा राजाच्या अंगरक्षकांचा. ह्या दलाचे तीन नामांकित वीर त्या बुरुजाच्या दारांत उभे होते. राजा मेला होता, युवराज पडला होता. मग राजाचा दुसरा पुत्र दूर बेटावर असतां हे तिघे एका स्त्रीच्या दाराशीं प्राण देण्यास कां उभे राहिले? आंत राजवंशाचा वारस असल्यावांचून ह्या वर्तनाची संगति लागत नाहीं. दुसरा पुरावा शय्येचा: जी स्त्री तलवारीनें मेली असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं, तिच्या शय्येवर रक्त आहे. तिसरा फुलांचा: दुसऱ्या भागांत राजकन्या डेनेरिस हिला बर्फाच्या भिंतीच्या फटींतून उमललेलें एक निळें फूल दृष्टांतांत दिसतें. निळीं फुलें लियानाचीं, आणि बर्फाच्या भिंतीवर राहतो तो जॉन. चौथा पुरावा सर्वांत सूक्ष्म, म्हणजे एडर्डच्या स्वभावाचा. जो मनुष्य शब्दासाठीं प्राण देईल, तो पत्नीशीं केलेलें वचन सहज मोडील काय?

विरुद्ध पक्षहि गप्प नव्हता. एडर्डनें स्वतः राजास विला नांवाच्या एका सामान्य स्त्रीचें नांव सांगितलें होतें. दुसरे कित्येक ॲशारा डेन ह्या सुंदर राजस्त्रीकडे बोट दाखवीत. परंतु आई ह्या दोघींपैकीं कोणी असती, तर तें नांव स्वतःच्या पत्नीपासून इतकीं वर्षें लपविण्याचें कारण काय, ह्या प्रश्नास त्यांजपाशीं समाधानकारक उत्तर नव्हतें. ज्या तर्कानें अधिकांत अधिक गोष्टींचा उलगडा होतो आणि ज्यासाठीं कमींत कमी गोष्टी गृहीत धराव्या लागतात, तो तर्क बलवान. हा नियम येथें वाचकांनीं नकळत पाळला. संगणकांच्या जाळ्यावरून हा तर्क १९९७ सालींच मांडला गेला, आणि पुढें त्यास बीजगणिताचें रूप मिळालें: आर अधिक एल बरोबर जे. म्हणजे रेगार व लियाना ह्यांचा पुत्र जॉन. पुढें २००६ सालीं बेनिऑफ व वाइस हे मालिकेची परवानगी मागण्यास मि. मार्टिन ह्यांस भेटले, तेव्हां त्यांनीं दोघांस हाच प्रश्न विचारला. त्यांचें उत्तर बरोबर आलें, आणि कथा त्यांच्या हातीं पडली!

तरी एक सावधगिरीचा शब्द येथें सांगितला पाहिजे. एकदां गुपितें शोधण्याची चटक लागली म्हणजे तीं सर्वत्र दिसूं लागतात. टिरियन लॅनिस्टर हाहि गुप्तपणें राजवंशाचाच, असा तर्क कित्येकांनीं मोठ्या विद्वत्तेनें लढविला. मालिका संपली तरी त्यास कांहींएक आधार मिळाला नाहीं. पुरावा आधीं व निर्णय मागाहून, हा क्रम उलटला कीं बुद्धि भरकटते.

वंशाचा शोध हा कथेंतील पात्रांचाहि उद्योग आहे, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. एडर्ड राजधानींत जातो व जुन्या वंशावळींचा एक जाडा ग्रंथ चाळतो. बराथियन घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या काळेच केस. रॉबर्टची अनौरस मुलेंहि सर्व काळ्या केसांचीं. मग राणी सर्सीचीं तिन्ही मुलें सोनेरी केसांचीं कशीं? ह्यावरून तीं राजाचीं नव्हेत हें त्यानें ओळखलें. मेंडेल ह्या संशोधकानें १८६६ सालीं वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांचीच ही छाया आहे. मनुष्याच्या केसांचा रंग मात्र अनेक कारकांवर अवलंबून असल्यामुळें खऱ्या जगांत इतक्या सोप्या पुराव्यावर कोणाचें पितृत्व ठरवितां येणार नाहीं. पण पुढें काय झालें तें पाहा. हें सत्य राजास सांगण्यापूर्वीं एडर्ड राणीस भेटतो व मुलांस घेऊन दूर पळून जाण्यास सांगतो. कां? रॉबर्टला राज्य मिळालें त्या वेळीं युवराज रेगारच्या कोवळ्या मुलांचीं प्रेतें त्याच्यापुढें आणून टाकलेलीं एडर्डनें पाहिलीं होतीं, आणि रॉबर्टला त्यांचें दुःख झालें नव्हतें. ह्याच एका गोष्टींत जॉनच्या गुपिताची किल्ली आहे. तो रेगारचा पुत्र म्हणून उघड झाला असता, तर त्याची गति तीच झाली असती.

हें भय निव्वळ कल्पनेंतील नव्हे. मि. मार्टिन ह्यांनीं ज्या इतिहासाचा आधार घेतला, तो इंग्लंडांतील ‘गुलाबांच्या युद्धांचा’, म्हणजे १४५५ ते १४८७ ह्या काळांतील यॉर्क व लँकेस्टर घराण्यांच्या कलहाचा. तेथें १४८३ सालीं बाल राजा पांचवा एडवर्ड व त्याचा धाकटा भाऊ हे अनौरस ठरविले गेले व त्यांचा चुलता तिसरा रिचर्ड गादीवर बसला. लंडनच्या किल्ल्यांत ठेवलेले ते दोघे मुलगे पुन्हां कोणास दिसले नाहींत. पुढें त्यांपैकीं धाकटा तो मीच, असें सांगणारा पर्किन वॉर्बेक उभा राहिला. त्यास १४९९ सालीं फांशीं दिलें. औरस कीं अनौरस, ह्या एका शब्दावर मुलांचे प्राण टांगलेले असत.

अखेर मालिकेनें उत्तर दिलें. २६ जून २०१६ रोजीं दाखविलेल्या भागांत लियाना आपलें बाळ एडर्डच्या हातीं देते. २७ ऑगस्ट २०१७ च्या भागांत रेगार व लियाना ह्यांचा विधिपूर्वक विवाह झाला होता व बाळाचें नांव एगॉन ठेविलें होतें, हें उघड होतें. कादंबरीच्या पांच भागांत मात्र हें उत्तर स्पष्ट शब्दांत कोठेंच दिलेलें नाहीं. आणि ह्या थोर वंशाचें जॉनला काय फळ मिळालें? राज्य नाहीं, सुख नाहीं. ज्या डेनेरिसवर त्याचें प्रेम होतें, तिच्या मनांत त्याच्या वारशानें संशय पेरला. आणि शेवटीं तो पुन्हां उत्तरेकडे बर्फांत निघून गेला. ‘मग इतकी वर्षें शोधलें कशासाठीं?’ असें पुष्कळ प्रेक्षक रागानें म्हणाले.

आम्हांस वाटतें, शोध व्यर्थ गेला नाहीं. फक्त सांपडलेली वस्तु अपेक्षेहून निराळी निघाली. लोक राजपुत्र शोधीत होते. सांपडला एक बाप. आपणांस येथें कर्णाची आठवण होणें साहजिक आहे. त्याचेंहि जन्मरहस्य युद्धाच्या तोंडावर उघड झालें, आणि त्यानेंहि राज्याचा मोह सोडून अधिरथ व राधा ह्यांचेंच नातें खरें मानलें. पण दोन गुपितांत एक भेद आहे. कुंतीनें लोकापवादाच्या भयानें मूल दूर केलें. एडर्डनें मूल जवळ ठेवण्यासाठीं लोकापवाद आपल्या माथीं घेतला. गुपित चांगलें कीं वाईट हें पारखावयाचें असेल, तर त्याची किंमत कोणी भरली हें पाहावें. मात्र एडर्डहि पूर्ण ऋणमुक्त नाहीं. त्याच्या मौनाचा भार कॅटलिनवर पडला, आणि त्याहून अधिक जॉनवर. मालिकेंत निरोप घेतांना तो जॉनला सांगतो कीं, पुन्हां भेटूं तेव्हां तुझ्या आईविषयीं बोलूं. ती भेट कधीं झालीच नाहीं. जें सांगावयाचें तें वेळेवर सांगावें, हा धडा पालकांसाठीं आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठींहि एक धडा आहे. कथेंतील मुलाच्या जन्माची चौकशी खुशाल करा. त्यानें बुद्धीस धार येते व कोणाचें मन दुखत नाहीं. परंतु प्रवेशपत्रिकेवर बापाचें नांव लिहितांना ज्याचा हात क्षणभर अडखळतो, असा एखादा सोबती तुमच्याच बाकावर बसत असेल. त्याची चौकशी करूं नका. मेजवानींत त्यास खालीं बसावें लागणार नाहीं, एवढें पाहा.