कापलेली रायफल, जवसाचं तेल आणि ‘ओरिजिनल’चा हट्ट

आपल्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासात येतं ते एका तारखेमुळे. ११ ऑक्टोबर १७२४. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान यांची लढाई इथे झाली, मुबारिझ खान मारला गेला आणि हैदराबादच्या आसफजाही राजवटीचा रस्ता मोकळा झाला. विजयाची खूण म्हणून निजामाने गावाला ‘फत्ते’चं नाव दिलं. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते साखरखेर्डाच!

बदललेली गोष्ट पुन्हा मूळ रूपात आणायची, हाच हट्ट जगभरातले जुन्या लष्करी रायफलींचे संग्राहक धरतात. त्यांच्या भाषेत एक शब्द सारखा येतो, ‘स्पोर्टराइझ्ड’.

म्हणजे नेमकं काय?

दुसरं महायुद्ध संपलं आणि लाखो रायफली जास्तीच्या झाल्या. अमेरिका, कॅनडात त्या स्वस्तात विकल्या गेल्या. अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्याने बंदी येईपर्यंत त्या पोस्टाने घरपोच मिळायच्या. शिकाऱ्यांना चार किलोची लष्करी रायफल जड वाटायची. मग पुढचं लाकूड कापलं, नळीवरचं लाकडी आवरण काढून फेकलं, कुणी नळीही आखूड केली, दुर्बीण बसवायला पोलादात भोकं पाडली. झाली शिकारीची बंदूक तयार!

तेव्हा ती भंगाराच्या भावाची वस्तू होती. आज तीच धड अवस्थेत सापडणं अवघड झालंय.

परत कशी आणतात?

ली-एनफिल्डचं उदाहरण घेऊ. आपल्याकडची ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांकडे ती होती, २६/११ च्या रात्री मुंबईच्या रेल्वे स्टेशनवर पोलिसांच्या हातातही होती.

आधी बघायचं, काय गेलंय. फक्त लाकूड कापलं असेल तर आशा आहे. त्याच मॉडेलचं लाकूड, पट्ट्या, तोंडाकडची टोपी असं एकेक शोधायचं. पण नवं लाकूड नुसतं स्क्रूने आवळून भागत नाही. गोळी सुटल्यावरचा धक्का यंत्रणेमागच्या लाकडाच्या दोन छोट्या जागांवर येतो. तिथे फट राहिली तर नेम भरकटतो आणि लाकूड तडकतं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तर लाकूड फाटू नये म्हणून त्यातून आडवा स्क्रू घालायचे. आजही संग्राहक त्या स्क्रूवरून ईशापूरची रायफल ओळखतात.

लाकडाला पॉलिश नाही, कच्चं जवसाचं तेल. हो, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो तेच जवस! आणि सॅण्डपेपर अजिबात नाही, कारण लाकडावरचे शिक्के घासले गेले की रायफलीची ओळखच पुसली जाते.

कापलेली नळी मात्र पुन्हा वाढत नाही, पाडलेलं भोक खऱ्या अर्थाने बुजत नाही.

आपल्याकडे गोष्ट वेगळी

इंग्रजांना भीती होती, लष्कराच्या गोळ्या लोकांच्या हाती लागतील. म्हणून सामान्य माणसाला .३०३ बंद! त्याऐवजी आला .३१५ चा बोअर. ईशापूरने ली-एनफिल्डचीच यंत्रणा वापरून या बोअरची ‘स्पोर्टिंग रायफल’ बनवली. म्हणजे ती कुणी नंतर कापलेली नाही, कारखान्यातूनच तशी आलीये. तिला ‘मूळ’ लष्करी रूप द्यायला जाणं म्हणजे तिचा खरा इतिहास पुसणं. मूळ कशाला म्हणायचं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

घरातल्या शस्त्राचं काय?

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, वाड्यात जुनी तलवार, तोड्याची बंदूक असते. दसरा आला की आपण काय करतो? पॉलिश पेपरने घासतो, चांदीचा रंग मारतो. फोटो भारी येतो, पण अक्षरं, नक्षी, कारागिराची खूण जाते. कापलेल्या नळीसारखीच, कायमची.

हे लक्षात ठेवा

– शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं गुन्हा आहे. व्हिडीओ बघून घरी प्रयोग नकोच.
– २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात.
– जुनी बंदूक सापडली तर आधी पोलिसांना कळवा. ती भरलेली असू शकते, त्यामुळे हाताळू नका.
– जुन्या तलवारीचे घासण्याआधी फोटो काढा. अक्षरं दिसली तर जाणकाराला दाखवा.
– जुनी शस्त्रं बघायची असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आहेच. वस्तूंचं संवर्धन हे करिअरही आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे.

साखरखेर्ड्याच्या लढाईला २०२४ मध्ये तीनशे वर्षं झाली. त्या काळातलं काही परिसरातल्या एखाद्या माळ्यावर अजून असेलही. यंदाच्या दसऱ्याला ते बाहेर निघालं, तर पॉलिश पेपर मात्र बाजूला ठेवा!