पहाटे तीन ते सात

फोन आला की निघायचं. डेव्हिड बोवी आज लवकर आटोपून गेलाय, पहाटे तीनपासून स्टुडिओ मोकळा आहे, सातला झाडलोट करणाऱ्या बाया येतील, तोवर काय वाजवायचं ते वाजवून घ्या. १९७२ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत लंडनमधला ‘क्वीन’ नावाचा बँड आपला पहिला अल्बम अशा फोनांवर रेकॉर्ड करत होता. तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे तासांवर चालणारा धंदा. सोहोमधल्या सेंट अ‍ॅन्स कोर्ट या बोळातला ‘ट्रायडंट’ त्या काळी लंडनमधल्या नावाजलेल्या स्टुडिओंपैकी एक होता. बीटल्सनी ‘हे ज्यूड’ १९६८ साली तिथेच रेकॉर्ड केलं होतं. स्टुडिओचे मालक नॉर्मन आणि बॅरी शेफील्ड या भावांनी क्वीनला हाताशी धरलं. रेकॉर्डिंगचा खर्च आमचा, तयार टेप आम्ही एखाद्या कंपनीला विकू, मात्र पैसे देणारं गिऱ्हाईक नसेल तेव्हाच तुम्ही यायचं, असा तो व्यवहार होता. शिजवून उरलेला भात घरच्या पोराला वाढावा, तसा.

पहिला अल्बम म्हटला की सहसा घाईची गोष्ट ऐकायला मिळते. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात दहा गाणी उरकली. लेड झेपेलिनला १९६८ मध्ये स्टुडिओचे साधारण छत्तीस तास पुरले. गाणी स्टेजवर घासूनपुसून तयार असतात, स्टुडिओत जाऊन ती टेपवर उतरवायची, एवढंच. क्वीनचं उलट झालं. त्यांच्याकडे तास होते, पण सलग नव्हते, आणि घड्याळाकडे बोट दाखवणाराही कुणी नव्हता.

याआधी त्यांनी एकदा फुकटात रेकॉर्डिंग पदरात पाडून घेतलं होतं. १९७१ च्या अखेरीस ‘डी लेन ली’ या स्टुडिओची वेम्बलीतली नवी वास्तू उभी राहिली. एका खोलीतला आवाज दुसरीत झिरपतो का, हे तपासायला दणक्यात वाजवणारा बँड हवा होता. क्वीनने दणकून वाजवलं आणि मोबदल्यात पाच गाण्यांचा डेमो मिळवला. त्यातलं ‘द नाइट कम्स डाउन’ ट्रायडंटमध्ये पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं, पण डेमोची सर काही येईना. अखेर अल्बममध्ये डेमोच गेला.

आता त्या रात्री नेमकं काय चालायचं ते पाहू. दोन इंच रुंदीची टेप आणि तिच्यावर शेजारी शेजारी सोळा पट्ट्या, म्हणजेच ट्रॅक. आधी ड्रम आणि बास वाजवून पाया घालायचा, मग ते कानात ऐकत गिटार, मग गाणं. पट्ट्या संपल्या की तीन-चार पट्ट्यांवरचं एकीवर उतरवायचं आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्या पुन्हा भरायच्या. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर थोडी वाढते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर तिघं मिळून एक ओळ गात, मग तीच ओळ पुन्हा, आणि पुन्हा. तीन गळ्यांचा असा मेळा व्हायचा. गिटारचंही तेच. एकावर एक थर चढून तिचा आवाज इतका वेगळा होई, की लोकांना सिंथेसायझर वाटेल या धास्तीने बँडने अल्बमच्या कव्हरवर सिंथेसायझर कुणीही वाजवलेला नाही, असं छापूनच टाकलं.

ती गिटार म्हणजे अस्सल कोंड्याचा मांडा. १९६३ पासून ब्रायन आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी ती घरी बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोसाठी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, त्याच्या दांडीच्या टोकाला विणकामाची सुई, आणि सुरांच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. नखीऐवजी सहा पेन्सचं नाणं! हा मुलगा इम्पीरियल कॉलेजात ग्रहांमधल्या धुळीवर संशोधन करत होता. ते अर्धवट राहिलं आणि पीएच.डी. मिळाली ती थेट २००७ मध्ये. बास वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. अल्बमवर त्याचं नाव उलटं, ‘डीकन जॉन’ असं छापलं गेलं.

आणि फ्रेडी. जन्म झांझिबारचा, घर पारशी, नाव फारुख बुलसारा, आणि शाळा आपल्या पाचगणीची. १९५५ मध्ये आठ वर्षांचा असताना त्याला सेंट पीटर्सच्या वसतिगृहात धाडलं गेलं. तिथे तो पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. हेक्टिक्समध्ये तो मुख्य गायक नव्हता, पियानोवर होता, हे पाचगणीचा अभिमान सांगताना आपण हमखास विसरतो. ट्रायडंटमधला बेखस्टाइन पियानो म्हणजे ‘हे ज्यूड’मध्ये वाजलेलाच. त्यावर पाचगणीत वळण लागलेली बोटं फिरू लागली, आणि ‘माय फेअरी किंग’ या गाण्यात ती ऐकू येतात.

उरलेल्या वेळाने या अल्बमचं बरंही केलं आणि बिघडवलंही. रोख पैसे मोजणाऱ्या नवख्या बँडला इतके थर चढवणं परवडलंच नसतं. पण आठवड्यातून कधीतरी, डोळे तारवटलेले असताना चार तास मिळाले की हात आणखी एक थर चढवू पाहतो. मला विचाराल तर काही गाणी जरा जास्तच शिजली आहेत. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’चं मिक्सिंग पुन्हा पुन्हा फसलं; शेवटी माइक स्टोन या इंजिनिअरने केलेलं पसंत पडलं.

सगळ्यात मोठी खंत ड्रमची. ट्रायडंटमध्ये ड्रमला एक छोटी, आवाज शोषून घेणारी खोली होती. त्या काळची आवडच तशी होती, प्रत्येक ठोका कोरडा आणि सुटा हवा. क्वीनला मात्र खोली घुमलेली हवी होती. मिक्सिंगच्या वेळी पाहू, असं सांगितलं गेलं. पण टेपवर जो घुमारा उतरलाच नाही तो तिथे कुठून येणार? निर्माता रॉय थॉमस बेकर आणि बँड यांचं याच तालवाद्यांच्या आवाजावरून बिनसलं आणि ‘मॅड द स्वाइन’ हे गाणं अल्बममधून बाहेर गेलं.

टेप तयार झाल्या, पण कंपनी मिळेना. अखेर ईएमआयने १३ जुलै १९७३ रोजी अल्बम काढला. आठवडाभर आधी सुटं गाणं म्हणून आलेलं ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ कोणत्याही यादीत चढलं नाही. मधल्या काळात, ज्याच्या उरलेल्या तासांवर हे काम झालं त्या बोवीचा ‘झिगी स्टारडस्ट’ हा अल्बम सगळीकडे गाजला होता, आणि रंगरंगोटी केलेले, चमचमते कपडे घालणारे हे चौघे उशिरा आलेल्या नकलाकारांसारखे दिसू लागले. अल्बममध्ये ‘सेव्हन सीज ऑफ राय’चा नुसता एक तुकडा होता, शब्दांवाचून. पूर्ण गाणं दुसऱ्या अल्बममध्ये आलं आणि १९७४ मध्ये ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर पोचलं. त्यानंतर लोक मागे वळून पहिला अल्बम शोधू लागले.

ड्रमचं दुखणं मात्र तसंच राहिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रायन आणि रॉजर यांनी जुन्या टेपा उघडून अल्बम नव्याने मिक्स केला आणि ‘क्वीन वन’ या नावाने काढला. तेव्हा पंचाहत्तरीचा रॉजर आणि सत्त्याहत्तरीचा ब्रायन, दोघे पंचविशीच्या आसपासच्या स्वतःचे ड्रम दुरुस्त करत बसले होते. ‘मॅड द स्वाइन’ चौथ्या क्रमांकावर परत आलं आहे, आणि त्याच्या पाठोपाठ, पाचव्या क्रमांकावर, ‘माय फेअरी किंग’चा तो पियानो.